मत देण्याआधी : ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न

मतदानाविषयी या वेळी आलेल्या पत्रांत दोन प्रकारची घरं दिसतात. काही घरांत कुणीतरी पहिल्यांदाच मत देणार आहे. काही घरांत सून मराठी वाचते, सासूबाई फक्त कन्नड आणि शिकायला आलेला भाचा हिंदी. ठाणे-नवी मुंबईत अशी घरं इमारतीगणिक सापडतील. दोन्ही घरांना आमचं सांगणं एकच आहे. मतदान कक्षाच्या पुठ्ठ्याआड सोबत जाता येत नाही, तेव्हा जी मदत करायची ती आधी, घरी बसून, नीट करा.

उत्तरं वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिकेची राज्य निवडणूक आयोग. यंत्रं दिसायला सारखी असली तरी काही नियम वेगळे आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : मुलगी येत्या मे महिन्यात १८ वर्षांची होईल. तिचं नाव आताच घालता येईल का? कागदपत्रं कोणती लागतात?
— एक वाचक, घणसोली

हो, अर्ज आताच भरा. वयाची १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी वय मोजण्याची तारीख वर्षातून एकच होती, १ जानेवारी. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. मे महिन्यात १८ पूर्ण होणाऱ्या मुलीला १ जुलै ही तारीख लागू होईल. म्हणजे जूनमध्ये मतदान आलं तर वय १८ भरलेलं असूनही तिला मत देता येणार नाही. मतदानाच्या दिवशीचं वय इथे चालत नाही, यादीची पात्रता तारीख चालते. पुष्कळ घरांत यावरून हिरमोड होतो, म्हणून मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

नवीन नावासाठी नमुना ६ हा अर्ज भरायचा. आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर ऑनलाइन भरता येतो, किंवा बीएलओकडे, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, कागदी अर्ज देता येतो. सोबत एक पासपोर्ट आकाराचा फोटो, वयाचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा जन्मतारीख असलेली दहावी-बारावीची गुणपत्रिका यांपैकी काहीही चालतं. पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, बँकेचं पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार. बिल मुलीच्या नावावर नसतंच, आई-वडिलांच्या नावावरचं चालतं.

अर्जात आणखी एक रकाना आहे तो रिकामा सोडू नका. त्याच पत्त्यावर यादीत आधीच नाव असलेल्या घरच्या माणसाचं नाव आणि त्याच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक तिथे लिहायचा असतो. तो भरला की मुलीचं नाव तुमच्याच यादी भागात येण्याची शक्यता वाढते. नाहीतर एकाच घरातले आई-वडील एका शाळेत मत देतात आणि मुलगी दुसऱ्याच.

अर्ज भरल्यावर बीएलओ पडताळणीला घरी येतात. मोठ्या सोसायट्यांत बरेच अर्ज नेमके इथे अडकतात. गेटवरचा पहारेकरी इंटरकॉम करतो, फ्लॅटमध्ये दिवसा कुणी नसतं, आणि बीएलओ परत जातात. अर्जात चालू मोबाइल नंबर द्या आणि गेटवर तशी सूचना देऊन ठेवा. अर्जाचा संदर्भ क्रमांक मिळतो. त्यावर अर्ज कुठवर आला ते पोर्टलवर दिसतं किंवा १९५० या क्रमांकावर विचारता येतं.

मुलगी पुढे शिक्षणासाठी वसतिगृहात राहणार असेल, तर नाव तिथे ठेवायचं की घरी, हे तिने ठरवायचं. दोन्हीकडे ठेवता येत नाही.

प्रश्न : आमचं कुटुंब मूळचं केरळचं. आईचं नाव लता आहे, यादीत मात्र ‘लाथा’ असं छापलं आहे. तिला परत पाठवतील का? आणि हे होतं कसं?
— एक वाचक, कासारवडवली, घोडबंदर रोड

परत पाठवणार नाहीत. स्पेलिंगमधल्या किंवा छपाईतल्या किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करावं, माणसाची ओळख पटली की मत देऊ द्यावं, अशाच आयोगाच्या सूचना आहेत. अडचण येते ती फोटोवरून ओळख पटत नाही तेव्हा, म्हणजे कार्डावर भलताच फोटो असेल किंवा तो इतका जुना-अंधूक असेल की चेहरा जुळत नाही. अशा वेळी आयोगाने मान्य केलेल्या दुसऱ्या ओळखपत्रांपैकी एक सोबत लागतं. आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक किंवा टपाल खात्याचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, मनरेगाचं जॉबकार्ड, सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरीचं फोटो ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, ही त्यांतली नेहमी हाताशी असणारी.

आता हे होतं कसं. अर्जात नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारच्या मराठी रकान्यात ते आपोआप उमटतं. दक्षिणेकडे ‘त’साठी इंग्रजीत टी आणि एच लिहिण्याची पद्धत आहे. यंत्राला ते कळत नाही, त्याच्या हिशेबी टी-एच म्हणजे ‘थ’. मग लताची लाथा होते, गीताची गीथा होते, सावित्रीची साविथ्री. बंगाली आणि पंजाबी नावांचीही थोडी वेगळी पण अशीच गत होते. ज्याचं नाव आहे त्याला देवनागरी वाचता येत नसेल तर चूक लक्षात येत नाही आणि अर्ज तसाच पुढे जातो. म्हणून अर्ज पाठवायच्या आधी मराठी वाचणाऱ्या कुणीतरी, शेजारच्या ताई असोत की कॉलेजात जाणारा मुलगा, तो मराठी रकाना मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याचं नाव आहे त्याने ऐकून ‘बरोबर’ म्हणावं. चुकलेलं अक्षर तिथेच हाताने सुधारता येतं.

तमिळ वाचकांसाठी एक सूचना. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आडनाव म्हणून भरू नका. आडनावाचा रकाना ‘असल्यास’ असा आहे, तो रिकामा ठेवला तरी चालतो. वडिलांचं पूर्ण नाव नातेवाइकाच्या रकान्यात येतंच.

आईचं नाव सुधारायचं असेल तर नमुना ८ भरा आणि दुरुस्तीचा पर्याय निवडा. निवडणूक तोंडावर असेल तर आधी मत द्या, दुरुस्ती नंतर करा. ही चूक मत अडवणारी नाही.

प्रश्न : वाशीहून खारघरला राहायला आलो. कार्ड वाशीच्या पत्त्याचं आहे. कार्ड आहे म्हणजे मत देता येईल ना?
— एक वाचक, खारघर

कार्डामुळे फक्त ओळख पटते. मताचा अधिकार यादीतल्या नावामुळे येतो. कार्ड हरवलं पण नाव यादीत आहे, तर दुसरं ओळखपत्र दाखवून मत देता येतं. कार्ड कोरं करकरीत आहे पण नाव यादीत नाही, तर नाही.

तुमच्या बाबतीत मुद्दा आणखी मोठा आहे. बोलताना आपण खारघरलाही नवी मुंबईच म्हणतो, पण मतदानाच्या नकाशात ते वेगळं आहे. ऐरोली आणि बेलापूर हे विधानसभा मतदारसंघ ठाणे जिल्ह्यात, ठाणे लोकसभेत आणि नवी मुंबई महापालिकेत येतात. खारघर, कामोठे, कळंबोली येतात पनवेल विधानसभेत, मावळ लोकसभेत, रायगड जिल्ह्यात आणि २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत. ठाण्याच्या बाजूलाही असंच आहे. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे, पण लोकसभेला तिथले मतदार कल्याण मतदारसंघात मत देतात. ‘ठाण्यात राहतो म्हणजे ठाणे लोकसभा’ असं गृहीत धरणारे दर निवडणुकीला भलत्या उमेदवारांची माहिती वाचत बसतात.

पत्ता बदलण्यासाठीही नमुना ८च, त्यात स्थलांतराचा पर्याय. मतदारसंघ बदलला तरी हाच अर्ज चालतो. नवा नमुना ६ भरू नका. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा आहे. त्यात जुनी नोंद लपते आणि नाव दोन ठिकाणी राहतं. एकाहून अधिक ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार पुरावा म्हणून चालतो. नोटरी केलेला नाही, नोंदणीकृतच. अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे, तेव्हा घरमालकाकडून त्याची प्रत मागून घ्या.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, नुकत्याच हुबळीहून आमच्याकडे आल्या आणि इथल्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांना फक्त कन्नड वाचता येतं. आत गेल्यावर गोंधळतील अशी भीती वाटते. मी किंवा माझे पती सोबत आत जाऊ शकतो का?
— एक वाचक, नेरूळ

भाषा येत नाही एवढ्या कारणासाठी सोबत जाता येत नाही. सोबत्याची सोय अंध मतदारांसाठी आणि शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही अशांसाठी आहे. त्यांच्यासोबत १८ वर्षांवरचा एक माणूस जाऊ शकतो. त्या दिवशी त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येतं आणि मत गुप्त ठेवण्याचं लेखी द्यावं लागतं. लिहिता-वाचता न येणं किंवा मराठी न येणं हे त्यात बसत नाही, आणि आम्हाला ते योग्यच वाटतं. नाहीतर ‘आजींना कळत नाही’ म्हणत घरातल्या कुणीही त्यांचं मत देऊन टाकलं असतं.

तुमच्या सासूबाईंना सोबतीची गरज पडणारही नाही. विधानसभा-लोकसभेच्या यंत्रावर उमेदवाराच्या नावाशेजारी चिन्ह असतं आणि २०१५ पासून फोटोही असतो. अक्षर न वाचता मत देता यावं अशीच ती मांडणी आहे. गोंधळ होतो तो आजूबाजूच्या हालचालींचा. तीन टेबलं असतात, कुणीतरी मराठीत काहीतरी विचारतं, रांग पुढे सरकत असते. तेव्हा खोलीत काय होतं ते क्रमाने सांगा.

पहिल्या टेबलावर यादी असते. अधिकारी मतदार चिठ्ठीवरचा अनुक्रमांक बघतात, ओळखपत्र बघतात आणि नाव मोठ्याने पुकारतात, म्हणजे मागे बसलेल्या उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना ऐकू जाईल. इथे सासूबाईंना आपलं नाव मराठी उच्चारात ओळखता यायला हवं. घरी दोन-चार वेळा तसं पुकारून दाखवा. दुसऱ्या टेबलावर डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतात, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतात आणि एक छोटी चिठ्ठी देतात. तिसऱ्या टेबलावर ती चिठ्ठी घेऊन अधिकारी आपल्या समोरच्या नियंत्रण यंत्राचं बटण दाबतात. त्यानंतरच पुठ्ठ्याआडचं यंत्र मत घ्यायला तयार होतं.

पुठ्ठ्याआड गेल्यावर आधी यंत्राच्या वरच्या बाजूचा हिरवा दिवा बघायचा. तो लागलेला नसेल तर बटण दाबून काही होत नाही. काहीजण घाईने आधीच दाबतात, मग ‘यंत्र बिघडलं’ म्हणून बाहेर येतात. हिरवा दिवा दिसला की आपल्या पसंतीच्या चिन्हासमोरचं निळं बटण एकदाच, ठामपणे दाबायचं. त्या ओळीतला लाल दिवा लागतो. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेआड अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन आत पडते. मोठा ‘बीप’ वाजतो, आणि मत नोंदलं जातं. चिठ्ठी हातात मिळत नाही, ती मागत उभं राहू नका.

आत ऐकू येणारी मराठी फार थोडी असते : ‘नाव सांगा’, ‘सही करा किंवा अंगठा द्या’, ‘बोट पुढे करा’, ‘चिठ्ठी द्या’, ‘आता आत जा’. ही पाच वाक्यं कन्नड अर्थासह आठवडाभर घरात बोलून घ्या. पुष्कळ केंद्रांवर अधिकारी हिंदीतही सांगतात, पण त्यावर विसंबू नका.

तरीही आयत्या वेळी काही कळेनासं झालं तर तिथेच थांबून केंद्राध्यक्षांना हाक मारायची. त्यांच्याकडे यंत्राचा पुठ्ठ्याचा नमुना असतो. त्यावर बटण कुठे असतं, दिवा कुठे लागतो हे ते प्रतिनिधींच्या समोर, पुठ्ठ्याच्या बाहेर दाखवतात. मतदार आत असताना त्यांनी स्वतः आत जाऊन बटण दाखवायचं नसतं. कुणी तसं करू लागलं तर ‘नको’ म्हणण्याचा सासूबाईंना हक्क आहे.

एक चूक मात्र टाळा. गावच्या किंवा भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तीन नंबरचं बटण’ असे निरोप फिरतात. उमेदवारांचा क्रम प्रत्येक मतदारसंघात वेगळा लागतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावांच्या अक्षरक्रमाने. ऐरोलीतला तीन नंबर बेलापुरात दुसराच कुणी असेल. सारख्या नावाचे दोन-तीन उमेदवारही असतात. म्हणून त्यांना नंबर पाठ करायला लावू नका, चिन्ह आणि चेहरा ओळखायला शिकवा. मतदान केंद्राबाहेर उमेदवारांची यादी यंत्रावरच्याच क्रमाने लावलेली असते. रांगेत उभं असताना ती एकदा नजरेखालून घालावी. कुणाला मत द्यायचं हे मात्र त्यांचं त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : महापालिकेला एकदम चार मतं द्यायची असतात म्हणे. चारही एकाच पक्षाला द्यावी लागतात का? एकच मत देऊन बाहेर आलो तर? महिलांच्या राखीव जागेला पुरुषांनी मत द्यायचं की नाही?
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

१५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ठाण्याच्या १३१ जागा ३३ प्रभागांत आणि नवी मुंबईच्या १११ जागा २८ प्रभागांत होत्या. दोन्हीकडे एक प्रभाग तीन जागांचा, बाकी सगळे चार जागांचे. जागांना अ, ब, क, ड म्हणतात. प्रत्येक जागा ही स्वतंत्र निवडणूकच समजा. तिचे उमेदवार वेगळे, मत वेगळं आणि शेवटी ‘वरीलपैकी एकही नाही’चं, म्हणजे नोटाचं, बटणही वेगळं. चार मतं चार पक्षांना दिली तरी हरकत नाही, चारही एका पक्षाला दिली तरी हरकत नाही. मात्र एका जागेची दोन मतं एकाला आणि दुसऱ्या जागेचं शून्य, असं करता येत नाही. एकाच जागेसाठी दोनदा बटण दाबलं तर पहिलंच धरलं जातं.

जागा ओळखायची सोपी खूण म्हणजे मतपत्रिकेचा रंग : ‘अ’ पांढरा, ‘ब’ फिकट गुलाबी, ‘क’ फिकट पिवळा, ‘ड’ फिकट निळा. मराठी न वाचणाऱ्यांना हाच सगळ्यात मोठा आधार. ‘चार रंग, प्रत्येक रंगात एक बटण’ एवढं सांगितलं की पुरे, कुठल्याही भाषेत सांगता येतं. एक मात्र बजावून सांगा. रंग म्हणजे यंत्र नव्हे. उमेदवार थोडे असतील तर एकाच यंत्रावर दोन जागांच्या याद्या एकाखाली एक येऊ शकतात. यंत्रं मोजत बसलं तर एखादी जागा राहून जाते.

लांब ‘बीप’ सगळ्या जागांची मतं झाल्यावरच वाजतो. एक मत देऊन निघालात तर यंत्र पुढच्या मतदारासाठी मोकळं होत नाही, आणि अधिकारी तुम्हाला उरलेली मतं पूर्ण करायला सांगतात. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर त्या रंगातलं नोटाचं बटण दाबायचं. आवाज येईपर्यंत हलायचं नाही, हे नवीन मतदारांना दोनदा सांगा. विधानसभेला एका बटणात काम झालेलं असल्याने जुने मतदारही इथे फसतात.

राखीव जागेचा प्रश्न आणखीही पत्रांत आहे. राखीव असते ती उमेदवारी. महिलांच्या जागेवर महिलाच उभी राहू शकते, अनुसूचित जातीच्या जागेवर त्या प्रवर्गातलीच व्यक्ती. मत मात्र प्रभागातला प्रत्येक मतदार चारही जागांना देतो. ‘ही आपली जागा नाही’ म्हणून कुणी मत सोडू नये.

या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नव्हतं. त्यामुळे सात सेकंदांची चिठ्ठी शोधत बसू नका, लाल दिवा आणि आवाज हीच पावती. महापालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेऊन प्रभागनिहाय फोडतात. या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर ज्यांचं नाव चढलं ते नियमाप्रमाणे नोंदलेले मतदार असूनही महापालिकेला मत देऊ शकले नाहीत. पुढच्या वेळी ही वेळ यायला नको असेल तर निवडणुकीची घोषणा व्हायची वाट न बघता नाव घालून ठेवा.

प्रश्न : केंद्रावर गेलो तर ‘तुमचं मत होऊन गेलं’ असं सांगितलं. घरी परत आलो. काय करायला हवं होतं?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

परत यायला नको होतं. अशा वेळी केंद्राध्यक्षांकडे जाऊन स्पष्ट म्हणायचं : ‘मला प्रदत्त मत द्यायचं आहे.’ ते ओळखीबद्दल चार प्रश्न विचारतील, ओळखपत्र बघतील. समाधान झालं की एका यादीवर सही घेऊन तुम्हाला कागदी मतपत्रिका देतील. तिच्यावर शिक्का मारून ती परत द्यायची. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ही मतं धरली जात नाहीत, हे खरं आहे. पण निकाल न्यायालयात गेला आणि फरक थोड्या मतांचा असला तर हाच पुरावा उपयोगी पडतो. शिवाय तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकल्याची लेखी नोंद होते, जी घरी परतल्याने होत नाही.

त्याआधी एकदा अनुक्रमांक तपासून घ्या. एकाच भागात सारख्या नावाचे दोघे असतात आणि घाईत दुसऱ्याच ओळीवर खूण झालेली असते. वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि वय जुळवून बघायला सांगा.

प्रश्न : टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कंत्राटी कामाला आहे. ठेकेदार म्हणतो सुट्टी दिली तर पगार कापीन.
— एक वाचक, दिघा

लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि रोजंदारीवरच्या कामगारालाही हे लागू आहे. अपवाद फक्त अशा कामांचा, जिथे माणूस नसेल तर धोका किंवा मोठं नुकसान होईल. न दिल्यास मालकाला दंड होतो. कंपनीचा कारखाना एका मतदारसंघात आणि तुमचं नाव दुसऱ्यात असलं तरी सुट्टी मिळते. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होतं, महापालिकेला सकाळी साडेसात ते साडेपाच. वेळ संपताना जे रांगेत असतात त्यांना शेवटच्या माणसापासून क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात आणि त्या सगळ्यांचं मतदान होऊ देतात. म्हणून साडेपाचला पाच कमी असताना पोचलात तरी रांगेत उभे राहा.

प्रश्न : आजोबा ८७ वर्षांचे, जिना उतरत नाहीत. घरून मत देता येतं का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

लोकसभा-विधानसभेला येतं. ८५ वर्षांवरचे मतदार आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले मतदार यांच्यासाठी नमुना १२ डी आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून द्यावा लागतो. ही मुदतच बहुतेकांची चुकते, तेव्हा अधिसूचनेच्या तारखेवर लक्ष ठेवा आणि बीएलओशी आधीच बोलून ठेवा. एकदा हा पर्याय घेतला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गुजराती, तमिळ, मल्याळी, हिंदी, मराठी असे सगळे आहेत. नवीन मतदारांना समजावण्यासाठी एक बैठक घ्यायची आहे. काय ठेवावं, काय टाळावं?
— सोसायटीच्या कार्यकारिणीतले एक सदस्य, कोपरखैरणे

भाषण कमी, सराव जास्त. एका पुठ्ठ्यावर सोळा ओळी आखा आणि प्रत्येक ओळीसमोर निळ्या कागदाचं बटण चिकटवा. चित्रं काढताना कुठल्याही पक्षाचं चिन्ह येणार नाही याची काळजी घ्या, आणि शेवटच्या ओळीला नोटा ठेवा. तीन टेबलं मांडा आणि प्रत्येकाला एकदा त्यांवरून जाऊ द्या. प्रत्येक भाषेचा एक माणूस ठेवा, पण त्याने फक्त कृती सांगायची. पक्षाबद्दल, उमेदवाराबद्दल, ‘आपल्या समाजाचं मत’ याबद्दल बैठकीत अवाक्षर नको. एकदा तो विषय निघाला की निम्मी माणसं पुढच्या वेळी येत नाहीत.

बैठकीला यायच्या आधी प्रत्येकाने पोर्टलवर आपलं नाव शोधून आणावं, आणि यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा. मतदानाआधी बीएलओ मतदार चिठ्ठी घरपोच देतात. तिच्यावर हेच दोन आकडे असतात. ती चिठ्ठी फक्त नाव शोधायला, ओळखपत्र म्हणून चालत नाही. पक्षांचे कार्यकर्तेही चिठ्ठ्या वाटतात. तिच्यावर उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह असेल तर ती खिशात घेऊन आत जाऊ नये, त्यावरून दारातच वाद होतात. चिठ्ठी नसेल तर केंद्राजवळच्या मतदार मदत कक्षात अक्षरक्रमाने लावलेली यादी घेऊन कर्मचारी बसलेले असतात, त्यांना विचारावं.

प्रश्न : आधार मोबाइलमध्येच आहे, कार्ड छापून घेतलेलं नाही. चालेल का?
— एक वाचक, सीवूड्स

त्यावर अवलंबून राहू नका. मतदान खोलीत मोबाइल नेता येत नाही. तो बंद करून केंद्राच्या प्रवेशद्वाराशी ठेवता यावा अशी सोय करण्याचे निर्देश भारत निवडणूक आयोगाने मे २०२५ मध्ये दिले आहेत. फोन बाहेर राहिला की त्यातलं आधार, त्यातलं ई-मतदार कार्ड आणि त्यात साठवलेला अनुक्रमांक, सगळं बाहेर राहतं. मूळ ओळखपत्र खिशात आणि दोन आकडे कागदावर घेऊनच निघा. घरातल्या सगळ्यांचे फोन सांभाळायला एकाला बाहेर थांबवा आणि आळीपाळीने आत जा, म्हणजे ठेवायच्या रांगेत वेळ जाणार नाही.